काकीची सही लागत नाही

४ जून

चि. दिवाणजी,

आशीर्वाद. तुझा वार्षिक अहवाल पोचला. कागद इतका गुळगुळीत आहे की चष्मा घसरतो. पहिल्या पानावर अध्यक्ष हसताहेत, दुसऱ्या पानावर तेच जरा कमी हसताहेत. मागच्या टिपा तू लिहिल्यास असं चिठ्ठीत म्हटलं होतंस म्हणून मी वाचायला मागूनच सुरुवात केली. लहानपणी गोट्यांचा हिशेब ठेवायचास म्हणून तुला दिवाणजी म्हणायला लागलो. पण ज्या कंपनीच्या भट्टीपुढे मी आयुष्य भाजलं, तिच्याच हेड ऑफिसात तू खराखुरा दिवाणजी होशील असं काही वाटलं नव्हतं.

'संभाव्य देणी' या मथळ्याखाली कोर्टातली सगळी भांडणं आहेत म्हणे. बघितली. ज्यांचं औषध आपल्या काचेच्या बाटल्या तडकून सांडलं ते आहेत. करवाले आहेत. धुराड्याच्या काजळीने वाळत घातलेले कपडे काळे झाले म्हणणारी ती परटीणसुद्धा आहे, आणि तिचं मला बरं वाटलं, कारण कपडे खरंच काळे होत. फक्त आम्ही नाही. अकरा वर्षं आम्ही म्हातारे कोर्टाच्या बाकावर बसून विजारी झिजवतोय. नवरा गेल्यावर त्याची अर्धी पेन्शन बायकोला, असं जुन्या नियमांच्या पुस्तकात छापलेलं होतं. ती आमची मेहेरबानी होती, आता बंद, असं कंपनी म्हणते. म्हणून दावा. वकिलाच्या दारात सगळ्यांच्या आधी पोचलो म्हणून मी अर्जदार क्रमांक एक. आणि तुझ्या चाळीस पानांत आमच्यासाठी एक ओळ नाही?

मी मात्र दुसऱ्या ठिकाणी सापडलो. 'निवृत्त कर्मचारी अपेक्षेपेक्षा अधिक काळ हयात राहिल्यामुळे झालेला तोटा.' काकीला मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे तुम्हीच की हो." एवढ्या वर्षांच्या नोकरीत कंपनीने माझी छापील दखल पहिल्यांदाच घेतली. आभारी आहे.

तुझा तोटा,
काका

---

१५ जून

ती. काका,

नमस्कार. तुम्ही चिडलात की गंमत करताय हे तुमच्या पत्रावरून कधीच कळत नाही, म्हणून दोन्ही धरून उत्तर देतो.

आमच्याकडे दाव्यांचे तीन खण असतात. कंपनीचे वकील दरवर्षी पत्र देतात, त्यावरून दावा कुठल्या खणात टाकायचा ते ठरतं. पहिला, हरण्याची चिन्हं दिसताहेत. त्यासाठी पैसे बाजूला काढून ठेवायचे. दुसरा, हरूही शकतो. त्यासाठी पैसे नाहीत, फक्त एक टीप. तिसरा, हरणं ही दूरची गोष्ट. त्याचा उल्लेखही करायचा नाही. तुमचा दावा इतकी वर्षं दुसऱ्या खणात होता, यंदा वकिलांनी तिसऱ्यात टाकला. मी फक्त लिहिलं, काका. आणि तोट्याची ओळ तर विमागणितीने दिलेली असते. म्हणजे कोण किती जगेल याचं गणित मांडणारा माणूस. त्यात वैयक्तिक काही नसतं.

आता कामाचं. कंपनी निवृत्तांसाठी एकरकमी योजना आणते आहे. पुढच्या काही वर्षांची पेन्शन एकदम हातात मिळेल. त्यानंतर दरमहाची पेन्शन बंद, आणि कंपनीवरचे आपले हक्क सोडल्याची एक सही. साहेबांना कळलंय की अर्जदार क्रमांक एक माझे काका आहेत. त्यांनी मला केबिनमध्ये बसवून चहा पाजला. तुम्ही आलात तर बाकीचे आपोआप येतील असं त्यांचं मत आहे. माझंही तेच मत आहे, पण मी ते स्वतंत्रपणे बनवलंय.

काकीला नमस्कार.

तुमचा,
दिवाणजी

---

२ जुलै

चि. दिवाणजी,

कंपनीच्या केबिनमध्ये चहा मिळतो हे मला तुझ्या पत्रातून कळलं. आम्हाला तिथे फक्त उभं राहायला मिळायचं.

योजना वाचली. आम्ही किती वर्षं जगायची असं धरलंय ते तेवढं छापायचं राहिलं. तुझ्या त्या विमागणितीने मला कधी पाहिलं आहे का? त्याला इकडे पाठव. मी त्याच्यासमोर जिना चढून दाखवतो, मग त्याने आकडा घालावा. एक मात्र त्याच्या बाजूचं सांगतो. शिंप्याने माझे पायजमे या वर्षात दुसऱ्यांदा आत घेतले. म्हणाला, नवीन शिवायला येऊ नका, जुन्या दोहोंत मिळून तिसरा निघेल.

हे बघ, पैशाला कोणी नाही म्हणत नाही. पण आमच्या समोरच्या क्वार्टरमधला क्रेनवाला तुला आठवतो ना, तुला खांद्यावर बसवून भट्टी दाखवायचा तो. तो गेल्यानंतर पुढच्याच महिन्यात त्याची पेन्शन थांबली. त्याची बायको आता शिवणाच्या दुकानात काजं करते. डोळ्यांत मोतीबिंदू आणि हातात सुई. काकी रोज तिच्याकडे दोरा ओवून द्यायला जाते. परत आली की फक्त माझ्याकडे बघते. मी दावा सोडला तर ते बघणं मला झेपायचं नाही. साहेबांना सांग, अर्जदार क्रमांक एक बाकावरून उठत नाही.

तुझा,
काका

---

२० जुलै

ती. काका,

वजन उतरलं हे फार छान झालं. या वयात अंग हलकं हवंच. फिरणं चालू ठेवा. मी ऑफिसात सगळ्यांना सांगितलं की आमचे काका अजून जिना चढतात. साहेब म्हणाले, "अशीच माणसं योजनेत यायला हवीत, कंपनीचं ओझं तीच आहेत." त्यांच्या बोलण्याची पद्धत तशी आहे, मनाने चांगले आहेत.

काकीची काळजी मलाही आहे. पण दाव्याचा निकाल कधी लागणार? वकिलांच्या मते तो दूरची गोष्ट आहे. एकरकमी पैसे बँकेत काकीच्या नावाने टाकले तर तिला व्याज मिळत राहील. हे मी पुतण्या म्हणून सांगतो, कंपनीचा माणूस म्हणून नाही. माझ्यावर थोडा भार आहे हे खरं, पण तुम्ही त्याचा विचार करू नका.

तुमचा,
दिवाणजी

---

१२ सप्टेंबर

चि. दिवाणजी,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला. मध्ये डॉक्टरकडे थोड्या चकरा झाल्या. काही विशेष नाही, कॉलनीतले सगळेच जातात. आमच्या वयात दवाखाना म्हणजे क्लबच.

फॉर्म पाठव. मी सही करतो.

तू जिंकलास, साहेबांना जाऊन सांग आणि बिस्किटंही माग. मी विचार केला, हातात आलेले पैसे आपले. बाकावर दुसरा कोणीतरी बसेल. कारण विचारत बसू नकोस, म्हातारा माणूस आहे, मन बदललं.

काकी शेजारी बसली आहे. विचारते की तिने सही कुठे करायची. परवापासून पाटीवर सराव करते आहे. लग्नानंतर तिने सही केली ती फक्त गॅसच्या कार्डावर, त्यामुळे तिला ही संधी सोडायची नाही. फॉर्मवर तिची जागा नीट खूण करून पाठव.

तुझा,
काका

---

२० सप्टेंबर

ती. काका,

तुमचं पत्र वाचून मी टेबलावरून उठलो आणि सगळ्या खात्याला चहा सांगितला. तुम्ही योग्यच केलंत. फॉर्म सोबत आहेत. जिथे फुली मारली आहे तिथे तुमची सही, दोन साक्षीदार, झालं.

काकीला सांगा की तिची सही लागत नाही. मलाही वाटलं होतं की घ्यावी, मी तसा रकाना फॉर्मवर टाकलाही होता. कायदा खात्याच्या प्रमुखांनी माझी चांगली हजेरी घेतली. म्हणाले, "अकरा वर्षं आपण कोर्टात लिहून देतोय की बायकांचा या कराराशी संबंधच नाही. आता त्यांची सही घेतली तर त्यांचा काहीतरी हक्क होता असं आपणच कबूल केल्यासारखं होईल." मी रकाना खोडला. बघा, मोठी माणसं किती पुढचा विचार करतात.

काकीची पाटी तिने जपून ठेवावी. बँकेत लागेल.

तुमचा,
दिवाणजी

---

२५ ऑक्टोबर

चि. दिवाणजी,

पैसे आले. बँकेत काकीच्या नावाने टाकले. तिथे तिने चार ठिकाणी सही केली आणि चारही वेगळ्या केल्या. कारकून वैतागला, ती मात्र दिवसभर खूश होती.

कोर्टातून माझं नाव काढलं. बाकावर आता दुसरी मंडळी बसतात, माझी जागा खिडकीजवळची होती ती त्यांनी लगेच घेतली. तुझं मागचं पत्र मी दोनदा वाचलं. काकीला सांभाळून ठेवायला दिलं. तुझ्या त्या प्रमुखांना माझा नमस्कार सांग. माणूस हुशार आहे, अगदी स्वतःच्या पायात पाय येईल इतका हुशार.

पुढच्या वर्षीचा अहवाल पाठवायला विसरू नकोस. त्यात मी तोट्यात असेन की नाही ते बघायचं आहे.

तू लहान असताना गोट्यांत हरलास की रडायचास आणि जिंकलास की दुसऱ्याची एक गोटी गुपचूप परत द्यायचास. मला वाटायचं तुला कळत नाही, मी बघतो ते. बघत होतो.

तुझा,
काका

---

१५ डिसेंबर

ती. काका,

तुमच्या पत्राला उत्तर उशिरा देतोय, वर्षअखेरीची गडबड. आनंदाची बातमी, मला बढती मिळाली. योजना जोरात झाली. तुमच्या सहीनंतर कॉलनीतून फॉर्मांची रांग लागली. साहेबांनी भर बैठकीत माझं कौतुक केलं. जानेवारीत रजा घेऊन येतो, तुम्हाला नवीन बूट आणतो, फिरायला.

तुमच्या माप-नंबरात काही बदल झाला असेल तर कळवा.

तुमचा,
दिवाणजी

---

२० फेब्रुवारी

ती. काकी,

तेराव्यानंतर निघालो तेव्हा तू दारात उभी होतीस आणि मी तुझ्याशी धड बोललोही नाही. बुटांचं खोकं तसंच परत घेऊन आलो. अजून उघडलेलं नाही.

इथे काल एक बैठक झाली. विमागणिती आला होता, किडकिडीत माणूस आहे, आवाज चढवत नाही. त्याने यादी टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "तुमच्या योजनेत आलेले निवृत्त एकामागून एक जाताहेत. जे धडधाकट आहेत ते सगळे पेन्शनवरच राहिले. तुम्ही ज्यांना वर्षांचे पैसे एकदम दिले त्यांच्याकडे महिनेच उरले होते." साहेबांनी विचारलं, त्यांना आधी कसं कळलं. तो म्हणाला, "त्यांना कोणीतरी विचारलं असेल, तब्येत कशी आहे. तुम्ही कोणी विचारलं होतं का?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण बढती माझी झाली होती. मला फक्त पायजमे आठवत होते. काकांनी मला लिहून कळवलं होतं, काकी. आणि मी उत्तर दिलं, वजन उतरलं, छान झालं.

त्यांना माहीत होतं का? तुला माहीत होतं का?

तुझा,
दिवाणजी

---

८ मार्च

चि. दिवाणजी,

आशीर्वाद. मला पत्र लिहायची सवय नाही, तुझे काकाच लिहायचे आणि मी शेजारी बसून सांगायची. तेव्हा चुकलं तर समजून घे.

माहीत होतं. दोघांनाही. भट्टीची धूळ छातीत बसली होती. आपले कॉलनीचे डॉक्टर आता कोणाला सरळ काही सांगत नाहीत. फोटो उजेडासमोर धरतात, बराच वेळ बघतात आणि विचारतात, "कंपनीचं ते योजनेचं पत्र आलंय ना? घेऊन टाका." कॉलनीत सगळ्यांना त्याचा अर्थ कळतो. क्रेनवाल्याची बायको तर म्हणते, डॉक्टरांनी कंपनीकडून दलाली घ्यायला हवी. तुझे काका दवाखान्यातून घरी आले, चप्पल काढली आणि म्हणाले, "घेऊन टाका म्हणाले." मी चहा ठेवला. मग दोघं रडलो. मग त्यांनी तुला पत्र लिहिलं. तुला सांगायचं नाही असं त्यांनीच ठरवलं. म्हणाले, कळलं तर पोरगं फॉर्म पाठवायचं नाही.

आता दुसरं. ते गेल्यावर मी, क्रेनवाल्याची बायको आणि आणखी दोघी वकिलाकडे गेलो. मी सगळ्यांच्या आधी पोचले, यांची सवय. माझ्या नवऱ्याने हक्क सोडल्याची सही केली आहे, मी यात येऊ शकते का, असं विचारलं. वकिलांनी तो फॉर्म उलटसुलट पाहिला. म्हणाले, "यात त्यांनी त्यांचं सोडलंय. तुमची सही कुठे आहे?" मी म्हटलं, लागत नाही म्हणून पुतण्याने कळवलंय. वकील इतके हसले की त्यांच्या कारकुनाने पाणी आणलं. म्हणाले, कंपनीच्या वकिलांनीच अकरा वर्षं लिहून दिलं आहे ना, की बायकांचा नवऱ्याच्या कराराशी संबंध नाही. मग नवऱ्याच्या सहीने बायकोचं कसं जाईल?

यांना हे तेव्हाच कळलं होतं. तुझं पत्र मला ठेवायला देताना एवढंच म्हणाले, "तुझी सही राहिली ते बरं झालं." मला वाटलं, माझं अक्षर वाईट म्हणून चिडवताहेत.

वकील म्हणाले, पुतण्याचं पत्र द्या, कोर्टात लावू. मी नाही दिलं. तुझी नोकरी जाईल. त्याची गरजही नाही, तुमच्या लोकांनी स्वतःच पुरेसं लिहून ठेवलंय.

तू जेवत जा नीट. मी रागावलेली नाही. रागावले असते तर सांगितलं असतं.

तुझी काकी,
अर्जदार क्रमांक एक

---

१८ जून

ती. काकी,

काकांनी मागितला होता म्हणून यंदाचा अहवाल पाठवतोय. यातल्या टिपा मी लिहिलेल्या नाहीत.

तुमचा दावा मी तिसऱ्या खणातून काढून पहिल्यात टाकला होता, पैसे बाजूला काढावेत म्हणून. साहेबांनी तो परत तिसऱ्यात टाकला. म्हणाले, "चार विधवा बाकावर बसल्या म्हणून कंपनी हरते का? दूरची गोष्ट." मी त्या पानावर सही करायला नकार दिला. तेव्हापासून मी गोदामात रिकाम्या खोक्यांचा साठा मोजतो. इथे चहा मिळत नाही, पण खिडकी आहे.

परटीण जिंकली, हे तुला सांगायचं राहिलं. ती पहिल्या खणात होती.

तुझा,
दिवाणजी

---

३० नोव्हेंबर

चि. दिवाणजी,

निकाल लागला हे तुला कळलंच असेल. गोदामात बातमी उशिरा पोचत असेल म्हणून मी लिहिते.

न्यायाधीश बाई होत्या. त्यांनी तुमच्या वकिलांना विचारलं, या बायकांचा हक्क नवऱ्यांनी सोडला असं तुमचं म्हणणं आहे का. ते म्हणाले, हो. बाईंनी त्यांचंच जुनं प्रतिज्ञापत्र उघडलं आणि त्यांनाच मोठ्याने वाचायला लावलं. बिचाऱ्यांचा आवाज शेवटच्या ओळीपर्यंत पोचेना. अर्धी पेन्शन सगळ्या विधवांना द्यायची, योजनेत गेलेल्यांच्या बायकांनाही, मागच्या थकबाकीसह. कंपनीने नवऱ्यांना एकदम दिले आणि आता बायकांना दरमहा देणार. क्रेनवाल्याच्या बायकोने काजं करायचं सोडलं, आधी डोळ्याचं ऑपरेशन करून घेते आहे. तुमच्या साहेबांनी बाजूला काही काढून ठेवलेलं नव्हतं म्हणे. आता दूरची गोष्ट जवळ आली की धावपळ होणारच.

पहिला महिना जमा झाला. मी बँकेत उभी राहिले आणि मला फार वाईट वाटलं, दिवाणजी, तुला खोटं का सांगू. हे पैसे मिळावेत म्हणून यांनी अकरा वर्षं बाक झिजवला आणि मिळायला यांना जावं लागलं. ते असते तर पासबुक बघून काहीतरी टोचून बोलले असते, आणि मी रागावले असते. घरी आले आणि त्यांच्या खुर्चीला सांगितलं. 

कंपनीकडून एक फॉर्म आला आहे. दर वर्षी मी जिवंत आहे असं लिहून सही करून पाठवायची. आता माझी सही लागते. मी पाटी पुन्हा काढली आहे. सध्या दोन सह्या सारख्या येतात, तिसरी बिघडते, पण पुष्कळ वर्षं आहेत, जमेल.

तुमच्या त्या किडकिडीत विमागणितीला भेटलास तर सांग, काकीची तब्येत ठणठणीत आहे. डॉक्टरांनी माझा फोटो उजेडासमोर धरला, लगेच खाली ठेवला आणि योजनेचं काही बोलले नाहीत. रोज सकाळी तळ्याच्या दोन फेऱ्या मारते. ते बूट तू परत नेलेस ते पाठवून दे. मोठे होतील, पण मी पुढे कापूस घालते. यांचा राहिलेला तोटा मला भरून काढायचा आहे.

तुझी काकी